मागच्या दारच्या पायऱ्या

आमच्या घरात वाटण्या झाल्या, चुली वेगळ्या झाल्या, विहिरीचं पाणीसुद्धा वारांवर वाटलं गेलं, पण मशेरीचा तवा एकच राहिला. स्वयंपाकातून बाद झालेला तो काळा तवा मागच्या दारी कडुलिंबाच्या बुंध्याला टेकवून ठेवलेला असायचा. माझी थोरली जाऊ त्यावर तंबाखू भाजायची. ठसका पार पुढच्या अंगणात जायचा. "घर पेटवताय का काय?" असं पुरुष तिकडून ओरडायचे आणि ही तोंडाला पदर लावून पान काळंभोर होईपर्यंत हलवत बसायची. मग तळहातावर चुरून दोन डब्या भरायची. मोठी तिची, लहान माझी. "मास्तरणीला शाळा हाय, तिला थोडी बास," असं तिचं गणित.

मी लग्न होऊन निरवांगीला आले तेव्हा मला मशेरीची किळस होती. डी.एड. झालेली, नुकती जिल्हा परिषदेच्या शाळेत लागलेली, नाकानं कांदे सोलणारी पोर होते मी. पहिल्या बाळंतपणात दाढ ठणकली तेव्हा आक्कानं, म्हणजे या जावेनं, बोटावर चिमूटभर मशेरी घेऊन माझ्या हिरडीला लावली. दाढ थांबली आणि मशेरी लागली. तिला शाळेचं तोंड माहीत नाही. पण या घरात मला जे काही शिकायला मिळालं, त्यातलं पहिलं हेच.

लोकांना वाटतं मशेरी ही दाताला लावायची गोष्ट आहे. खरं तर ती बसायची गोष्ट आहे. शेतातल्या बाईला उगीच बसलेलं कोण बघून घेतं? पण तोंडात मशेरी असली की हाक मारणाऱ्याला नुसतं बोट दाखवायचं, तोंडात हाय म्हणून, की सासूसुद्धा थांबायची. मागच्या दाराच्या पायऱ्या उतरून आम्ही धुण्याच्या दगडावर टेकायचो. सकाळी एकदा, दुपारी भांडी झाल्यावर एकदा. ओठ मिटलेले, हनुवटी वर, आणि त्या भरल्या तोंडानं बोलणं चालायचं. त्यात प आणि ब येत नाहीत, म येतो तो नाकातून. बाहेरच्याला वाटावं, दोन म्हशी रवंथ करतायत. आम्हाला एकमेकींचं अक्षर न् अक्षर कळायचं. नवऱ्यांच्या तक्रारी, सासूचं शेवटचं आजारपण, माझी बदली, तिच्या लेकीचं मोडलेलं लग्न, सगळं त्याच भाषेत झालं.

शाळेत मात्र मी मुलांना तंबाखूचे दुष्परिणाम शिकवायचे. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. फळ्यावर कवटी काढायचे आणि मधल्या सुट्टीत जीभ हिरडीवर फिरवून बघायचे, सकाळची थोडी राहिलीय का.

मी निवृत्त झाले त्या वर्षी आक्काला चटणी झोंबायला लागली. ती झोंबते असं कधी म्हणायची नाही. भाकरी दुधात कुस्करायला लागली तेव्हा माझ्या ध्यानात आलं. दगडावर बसवून मोबाईलच्या उजेडात मी तिचं तोंड बघितलं. खालचा ओठ ओढल्यावर हिरडीच्या कडेला पांढरा चट्टा दिसला, भिंतीच्या चुन्याचा पोपडा असावा तसा. मी बोटानं पुसून बघितला. पुसला गेला नाही.

बारामतीच्या डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला पाठवला. अजून तसं काही नाही, पण वाट तिकडेच जाते, असं ते म्हणाले. मशेरी आज सोडली तर चट्टा कदाचित जागीच राहील, नाही सोडली तर सांगता येत नाही. मग त्यांनी माझंही तोंड उघडायला लावलं. इतकी वर्षं एकाच तव्यावरची मशेरी, आणि माझ्या तोंडात काहीच नव्हतं. मला आनंद झाला आणि त्याच क्षणी इतकी लाज वाटली की मी आक्काकडे बघू शकले नाही. ती म्हणाली, "बरं झालं. दोघींना झालं असतं तर भाकऱ्या कुणी केल्या असत्या?"

दवाखान्यातून येताना तिनं एस.टी. स्टँडवर डबी काढली. मी तिच्या हातातून हिसकावून घेतली आणि नंतर त्याच हातानं माझी डबी पिशवीत आणखी खाली सरकवली. चूल पेटवल्यासारखी मी पेटले होते. डॉक्टरवर, तिच्यावर, स्वतःवर, कुणावर ते काही सांगता येत नव्हतं.

माझ्या एका जुन्या सहकारी बाईंनी शिबिराचं सांगितलं. बारामतीत एका मंगल कार्यालयात होतं. स्वसंमोहनातून व्यसनमुक्ती. पांढऱ्या कापडात गुंडाळलेल्या खुर्च्या, स्टेजवर मागच्या लग्नातली फुलांची कमान तशीच, आणि समोर कोट घातलेले, आवाज लोण्यासारखा असलेले प्रशिक्षक. माणूस वाईट नव्हता, हे आधी सांगते. त्यानं आम्हाला कुठंही फसवलं नाही. डोळे मिटा, पायाच्या बोटांपासून एकेक अवयव सैल सोडा. आता तुमच्यासमोर पायऱ्या आहेत. एकेक पायरी सावकाश उतरा. खाली तुमची सगळ्यात आवडती, सगळ्यात शांत जागा आहे. तिथं बसा आणि अंतर्मनाला सांगा, माझं तोंड स्वच्छ आहे, ताजं आहे, मी मोकळी आहे. 'नको', 'नाही' असले शब्द वापरायचे नाहीत, कारण म्हणे अंतर्मनाला नकार कळत नाही. आणि शेवटी, त्या शांतीची खूण म्हणून अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर घट्ट दाबायचं. पुढं तलफ आली की ही खूण करायची, शांती आपोआप येते.

मी एक डोळा उघडून आक्काकडे बघितलं. तिचा चेहरा इतका निवांत दिसत होता की मला आशा वाटली. अंगठा आणि बोट तिनं दाबून धरलं होतं. ओठ मिटलेले, हनुवटी वर.

परतीच्या गाडीत मी विचारलं, "कुठली जागा दिसली?"

"दुसरी कुठली असती गं? मागल्या दाराच्या पायऱ्या उतरले अन् दगडावर बसले. तू पण हुतीस. मशेरी लावत हुतो आपण."

मला हसू आलं आणि तोंडाला पाणी सुटलं. कारण मीही तिथंच गेले होते. आणि ती अंगठ्या-बोटाची खूण! त्या बिचाऱ्या माणसाला काय माहीत, डबीतून चिमूट उचलताना हात नेमका तसाच होतो. इतक्या वर्षांची सवय त्या दोन बोटांत होती आणि त्यानं आम्हाला तलफ आली की तेच दाबायला सांगितलं होतं. भगतानं भूत उतरवायला यावं आणि जाताना आणखी एक बसवून जावं, तशातला प्रकार.

पण मी मास्तरीण. एवढ्यात हार मानते की काय. मी जागा बदलायचं ठरवलं. "आक्का, डोळं मिटा. पायऱ्या उतरा. खाली देऊळ हाय."

"कुठलं?"

"कुठलंबी. नरसिंहपूरचं."

तिनं डोळे मिटले. मग म्हणाली, "दिसतंय. पर देवळात जाताना तोंड धुवावं लागतंय, मग दगडावर आले परत."

मग समुद्र सांगून बघितला, तो तिनं बघितलेला नव्हता. माहेर सांगितलं, तर तिथं आई मशेरी भाजत होती. या बाईच्या उभ्या आयुष्यात, बिनकामाचं बसल्याची एकही आठवण नव्हती जिच्यात मशेरी नव्हती. मला तेव्हा पहिल्यांदा खरी भीती वाटली. आपण तिला मशेरी सोडायला सांगत नव्हतो, तिचं जे काही थोडं स्वतःचं होतं ते सोडायला सांगत होतो. आणि तरी सांगावं लागत होतंच.

पुण्याहून माझा मुलगा प्रेरणेचे व्हिडिओ पाठवायचा. पहाटे उठा, गार पाण्यानं अंघोळ करा, आरशात बघून म्हणा की मी जिंकणार. आक्का ऐकून म्हणाली, "पाटंचं उठतोच की. गार पाणी हायच. आरशात बघाय येळ कुणाला हाय?" एकात सांगितलं होतं, दिवसभर व्यसन टाळलं तर संध्याकाळी स्वतःला आवडीचं बक्षीस द्या. मी विचारलं, तुम्हाला काय आवडतं? दोघींनाही उत्तर माहीत होतं.

तिनं प्रयत्न केला नाही असं मी कुणाला म्हणू देणार नाही. मशेरीऐवजी बडीशेप भाजून लावली. दंतमंजन लावलं, लवंग धरली. पोट साफ होईना, डोकं धरायचं, सुनेवर ओरडायची, मग रडायची. चार दिवस निघायचे आणि पाचव्या दिवशी तिच्या बोटाचं टोक काळं दिसायचं. मी तव्यासकट सगळं विहिरीत टाकलं, तर तिनं भाकरीच्या तव्यावर भाजलं आणि घरात सगळ्यांच्या भाकऱ्या कडवट लागल्या. मी ओरडले, अबोला धरला. एकदा तिचा हात पिरगाळून डबी घेतली, थोरल्या जावेचा. आणि मी? मी तिच्यासमोर सोडली होती. गोठ्याच्या पलीकडे जाऊन लावायचे, चूळ भरायचे, वेलदोडा चघळायचे आणि येऊन तिला अंतर्मनाचं ज्ञान द्यायचे. दीर, म्हणजे तिचे मालक, म्हणायचे, "सोडा तिचा नाद. जित्याची खोड मेल्याबिगर जात न्हाय." तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो.

शेवटी मला शपथेचं सुचलं. आमच्याकडची जुनी रीत आहे, तीर्थाला गेलं की आवडीची एक गोष्ट देवाला सोडून यायची. कुणी वांगं सोडतं, कुणी पेरू. एकदा सोडलं की जन्मात तोंडात घालायचं नाही. माझी सासू सीताफळ सोडून आली होती ती मरेपर्यंत सीताफळाच्या झाडाखालीसुद्धा थांबली नाही. मला वाटलं, अंतर्मन बिंतर्मन राहू दे, या बायकांना देवाचा धाक बसतो.

नरसिंहपूरला गेलो. आमच्याकडची नीरा तिथं भीमेला मिळते. घाटाच्या पायऱ्या उतरून आक्का संगमात गुडघाभर पाण्यात उभी राहिली, ओंजळीत पाणी घेतलं, डोळे मिटून पुटपुटली आणि पाणी सोडलं. मी काठावर उभी राहून रडले. वाटलं, सुटली. देवळातून बाहेर आल्यावर समोरच्या टपरीवर मी दोन चहा सांगितले. तिनं कप हातात घेतला नाही.

"मला नगं. चहा सोडला म्या आत्ता."

मला कळेच ना. चहा म्हणजे या बाईचा दुसरा जीव, गुळाचा, उकळून उकळून काळा केलेला. "अहो, मशेरी सोडायची हुती ना?"

"व्हय. तोंडावर आलतं नाव. पर म्हणलं, सुटली न्हाय तर? देवाला खोटं बोलल्यागत व्हायचं." मग हळू आवाजात म्हणाली, "चहा सुटंल. मशेरी न्हाय सुटायची गं मला. रागावू नगंस."

मी रागावले. भर रस्त्यात रागावले. दोन्ही कप मीच प्यायले. पण त्या दिवसापासून तिनं चहाचा थेंब घेतला नाही. डोकं दुखलं, पाहुणे आले, थंडी पडली, सून तोंडासमोर कप धरायची, तरी नाही. ना संमोहन, ना बक्षीस. मी ते बघायचे आणि माझं काळीज तुटायचं. एवढी ताकद त्या बाईत होती आणि ती नको त्या जागी वापरून बसली होती. नको त्या जागी तरी कसं म्हणू? स्वतःचं ओझं किती पेलतं हे तिला आमच्या सगळ्यांपेक्षा नीट माहीत होतं.

पुढच्या तपासणीत चट्टा फुटला होता. या वेळी डॉक्टरांनी वाट बिट म्हटलं नाही. पुण्याला ऑपरेशन झालं. खालच्या जबड्याचा तुकडा आणि मानेतल्या गाठी काढल्या, नाकातून नळी घातली. बघायला आलेल्या एका पाहुण्यानं खुर्चीत बसता बसता "जित्याची खोड..." एवढंच म्हटलं आणि पुढचा शब्द तोंडात आल्यावर गप्प झाला. मी त्याच्याकडे बघत राहिले, तो उठून जाईपर्यंत.

आता ती घरी आहे. मागच्या दाराजवळच्या खोलीत तिची कॉट टाकलीय. नळी निघाली, पण ओठ नीट मिटत नाहीत, जीभ जागेवरून फारशी हलत नाही. जे बोलते ते तिच्या मुलाला कळत नाही, सुनेला कळत नाही, दिरांना तर पहिल्यापासूनच कळत नव्हतं. ती दोनदा-तीनदा सांगते, मग दमून भिंतीकडे बघते. मला कळतं. प आणि ब नाहीत, म नाकातून येतो. इतकी वर्षं दगडावर बसून आम्ही हीच भाषा बोलत होतो. डॉक्टरांनी पातळ सुरू करायला सांगितलं तेव्हा सुनेनं पहिल्यांदा चहाच आणला. आक्कानं मान फिरवली. सुनेला वाटलं, गिळवत नसेल. मी म्हटलं, "चहा नको म्हणतायत. देवाला सोडलाय." सून कप घेऊन गेली आणि स्वयंपाकघरात रडली, तो आवाज आम्हा दोघींना ऐकू आला.

दुपारी तिला दुखतं. गोळीची वेळ व्हायची असते आणि दुखणं आधी येतं. माझ्याकडे द्यायला काही नसतं. परवा अशीच ती कॉटचा दांडा धरून होती. इतक्यात ती काहीतरी म्हणाली.

"पायऱ्या सांग."

मी सांगितल्या. त्या कोटवाल्याच्याच शब्दांनी सुरुवात केली. पायाची बोटं सैल सोडा, गुडघे सैल सोडा. मग मला देऊळ सांगायचा धीर झाला नाही, समुद्र तर नाहीच. म्हटलं, आक्का, मागलं दार उघडा. पायऱ्या उतरा. हळू, खालची पायरी हलतीय. दगड उनात तापलाय, जरा सावलीच्या अंगाला सरका. मी आलेच भांडी घासून. तवा तापलाय. तुमी पानं टाकलीत, ठसका सुटलाय, पुढनं कोण वरडतंय, वरडू दे. चुरलीत? माझ्या डबीत घाला थोडी. आता घ्या चिमूट.

तिनं अंगठा आणि बोट एकमेकांवर दाबलं. दांड्यावरचा दुसरा हात सुटला. कपाळावरची आठी गेली. मंगल कार्यालयात दिसला होता तसाच निवांत चेहरा, जेवढा शिल्लक आहे तेवढा. शिबिरातलं सगळं खरं होतं तर. जागा खरी होती, खूण खरी होती, शांती खरी होती. आम्हीच ती चुकीच्या कामाला लावायला निघालो होतो, आणि बरोबर काम सापडलं ते हे. मला इतका संताप आला, आणि तो कुणावर काढावा असा माणूस त्या खोलीत नव्हता.

बऱ्याच वेळानं तिनं डोळे उघडले.

"तू सोडलीस?" तिनं विचारलं.

मी मान हलवली. सोडली. सकाळी दोनदा चूळ भरली होती, वेलदोडा तोंडात होता.

"वास येतुय," ती म्हणाली.

मी उठायला लागले. तिनं माझा पदर धरला आणि मला खाली ओढलं, आधी होते त्याहून जवळ.

"बस की," ती म्हणाली. "जाऊ नगंस."

मी बसले.